मद्य, औषधे आणि वाहनचालन : एक अभ्यास

प्रतिवर्षीप्रमाणे याही अहवालात आरोग्यविषयक एक अभ्यासलेख वाचकांपुढे ठेवीत आहोत. आम्ही वैद्यकशास्त्राचे पदवीधर नाही. वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन रुग्णालयाच्या कारभारात वय गेले. तथापि अपघात विभागाची नोंदवही रोज नजरेखालून जाते आणि तिच्यातील काही नोंदी पाठ सोडीत नाहीत. त्यांतील एका नोंदीमुळे हा विषय निवडावा लागला. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी व औषध विभागाच्या प्रमुखांनी तपासून दिला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

तळेगाव दाभाडे हे एके काळी हवापालटासाठी येण्याचे गाव होते. आज गावाच्या एका अंगाला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे, मधून जुना महामार्ग जातो आणि चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावर कंटेनरची रांग रात्रंदिवस तुटत नाही. येथील बहुतेक घरांतील एक तरी माणूस पाळीवर जातो, आणि तो दुचाकीवर जातो, कंपनीच्या बसने जातो किंवा ती बस स्वतः चालवितो. त्यामुळे वाहन चालविण्याची क्षमता हा येथे केवळ वाहतूक पोलिसांचा विषय राहिलेला नाही. तो रुग्णालयाचाही विषय झाला आहे.

एक नोंद

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका रात्री दोन जखमींना एकाच वेळी आमच्याकडे आणण्यात आले. एक दुचाकीस्वार, वय सुमारे ४५. दुसरा पाळी संपवून रस्त्याच्या कडेने पायी घरी निघालेला तरुण कामगार. ओळख पटू नये म्हणून इतर तपशील येथे गाळले आहेत. दुचाकीस्वाराच्या तोंडाला मद्याचा वास येत होता. एका हळदीच्या कार्यक्रमात आपण "एकच पेग, तोही जेवणाबरोबर" घेतल्याचे त्याने सांगितले. कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही, आमचाही नाही. पुढे तपासात समजले की तो खरेच बोलत होता. त्याच्या रक्तातील मद्याचे प्रमाण कायद्याच्या मर्यादेच्या आत होते.

मग समोरचा माणूस त्याला दिसला कसा नाही? याचे उत्तर त्याच्याच खिशात सापडले. कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेसाठी पंधरा दिवसांपूर्वी त्याला मज्जातंतूंच्या वेदनेवरील प्रीगाबालिनच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या आमच्याच बाह्यरुग्ण विभागातून दिल्या होत्या. त्याच दिवशी दुपारी त्याने सर्दीसाठी दुकानातून एक साधी गोळी घेतली होती, तिच्यात क्लोरफेनिरामिन होते. गुंगी आणणारी दोन औषधे आणि त्यांवर एक पेग. यांतील प्रत्येक गोष्ट एकटी असती तर तो कदाचित घरी सुखरूप पोहोचला असता.

दोघेही जगले. तरुणाच्या मांडीचे हाड तीन ठिकाणी मोडले होते आणि पुढे कित्येक महिने तो कामावर जाऊ शकला नाही. दोन्ही कुटुंबे आमच्या एकाच व्हरांड्यात बसून असत. चौथ्या दिवशी दुचाकीस्वाराची पत्नी कार्यालयात आली. केसपेपर आमच्यापुढे ठेवून तिने विचारले, "साहेब, गोळी घेतल्यावर गाडी चालवू नका, दारू घेऊ नका, असं ह्यात कुठं लिहिलंय?" आम्ही कागद दोनदा वाचला. तसे त्यात कोठेही लिहिलेले नव्हते. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

मद्याचा हिशेब

प्रथम एकट्या मद्याचा हिशेब पाहू. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रम इत्यादी पेयांत मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ४२.८ टक्के असते. ६० मि.लि.च्या एका मोठ्या पेगमध्ये त्यामुळे सुमारे २५ मि.लि., म्हणजे वजनाने सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मि.लि. बाटलीत तो सुमारे २५ ग्रॅम भरतो. "मी फक्त बिअर घेतली" हे वाक्य हिशेबात टिकत नाही, ते यामुळेच.

मद्यार्क शरीरातील पाण्यात मिसळतो. स्वीडनचे शास्त्रज्ञ विडमार्क यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बसविलेल्या सूत्रानुसार ७० किलो वजनाच्या पुरुषाने रिकाम्या पोटी एक मोठा पेग घेतल्यास रक्तातील प्रमाण दर १०० मि.लि.मागे ४० मिलिग्रॅमच्या आसपास जाऊ शकते. पोट भरलेले असल्यास ते कमी राहते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याने ते अधिक वाढते. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे.

जमेची बाजू अशी वेगाने वाढते, खर्चाची बाजू मात्र संथ असते. यकृत तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम या गतीने हे प्रमाण उतरविते. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यांपैकी कशानेही ही गती वाढत नाही. त्याने माणूस जागा होतो, पण शुद्धीवर येत नाही. रात्री ११ वाजता सुरुवात करून तीन मोठे पेग घेतलेल्या माणसाचा हिशेब मांडू. एकूण जमा सुमारे १२८. पहाटे ५ वाजेपर्यंत सहा तासांत ९० वजा झाले. शिल्लक ३८. म्हणजे पहिल्या पाळीसाठी घरातून निघताना हा माणूस कायद्याच्या मर्यादेबाहेर आहे, आणि "रात्रीची केव्हाच उतरली" अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे.

औषधाची भर

मद्य मेंदूतील 'गाबा' या शामक रसायनाचा प्रभाव वाढविते. मेंदूच्या कामाला लगाम घालणे हे या रसायनाचे काम. झोपेच्या व चिंताशामक गोळ्यांपैकी अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम ही औषधेही याच रसायनामार्फत काम करतात. एकाच लगामाला दोन हातांनी खेचावे, असे दोघांचे एकत्र सेवन होते. एकटे औषध किंवा एकटे मद्य ज्या प्रमाणात सोसले असते, त्याच प्रमाणात दोन्ही एकत्र आल्यास माणूस ग्लानीत जातो आणि मात्रा मोठी असल्यास श्वास मंदावून जिवावर बेततो.

येथे काळाचाही हिशेब ठेवावा लागतो. डायझेपामचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास २० ते ५० तास लागतात आणि त्यापासून शरीरात तयार होणारे क्रियाशील द्रव्य त्याहूनही अधिक काळ टिकते. "गोळी काल रात्री घेतली, पेग आज संध्याकाळी" म्हणून दोघांची गाठ पडणार नाही, असे समजणे म्हणूनच चुकीचे आहे. झोपेसाठी वापरल्या जाणाऱ्या झोल्पिडेमचा परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळच्या वाहनचालनावर राहतो असे आढळल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची शिफारस केलेली मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ मिलिग्रॅमवर आणली.

ज्या औषधांबाबत विशेष सावधगिरी हवी, त्यांचे गट पुढीलप्रमाणे :

१. सर्दी, खाज व ॲलर्जीवरील जुनी औषधे : क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन, प्रोमेथाझिन, डायफेनहायड्रामिन. सर्दीच्या अनेक मिश्र गोळ्यांत व खोकल्याच्या औषधांत यांपैकी एखादे असतेच. ही औषधे "साधी" मानली जातात म्हणून त्यांच्याविषयी कोणी विचारीत नाही. सेटिरिझिन तुलनेने कमी गुंगी आणते, पण काहींना तेही सुस्तावते.

२. तीव्र वेदना व खोकल्यावरील अफूवर्गीय औषधे : ट्रामाडॉल, कोडीनयुक्त औषध. मद्याबरोबर यांनी ग्लानी येते व श्वास मंदावतो.

३. मज्जातंतूंच्या वेदनेवरील औषधे : प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ॲमिट्रिप्टिलीन. नैराश्य व मानसिक आजारांवरील अनेक औषधेही याच गटात धरावीत.

४. मधुमेहावरील औषधे : ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड व इन्सुलिन. रक्तातील साखर घसरू लागली की यकृत नवी साखर तयार करून ती सावरते. मद्य नेमके हेच काम रोखते. उपाशीपोटी मद्य घेतलेल्या अशा रुग्णास घाम येतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते, आणि पाहणाऱ्यास तो केवळ "चढलेला" वाटतो. रस्त्याकडेला असा माणूस आढळल्यास साखर तपासण्याआधी त्याला दारुडा ठरवू नये, अशी आमच्या डॉक्टरांची कळकळीची विनंती आहे.

५. रक्तदाब व हृदयविकारावरील काही औषधे : प्राझोसिन, नायट्रेट इत्यादी. मद्यामुळेही रक्तवाहिन्या सैलावतात, त्यामुळे अचानक उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

६. डायसल्फिराम : व्यसनमुक्तीसाठी दिले जाणारे हे औषध घेतलेल्या माणसाने थोडेही मद्य घेतले तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. घरची माणसे कधी कधी हे औषध त्याच्या नकळत भाजीत किंवा चहात मिसळतात. तो माणूस वाहन चालवीत असेल तर त्याच्या हिताच्या हेतूने केलेली ही गोष्ट त्याच्या व इतरांच्या प्राणांवर बेतू शकते. रुग्णाला सांगितल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय हे औषध देऊ नये. मेट्रोनिडाझोल या जुलाबावरील नेहमीच्या औषधाबरोबरही असा त्रास होऊ शकतो, असा इशारा त्याच्या माहितीपत्रकात असतो.

आयुर्वेदिक आसवे व अरिष्टे यांविषयी वाचक हमखास विचारतात. त्यांत आंबवण्याच्या क्रियेतून साधारण ५ ते १० टक्के मद्यार्क तयार झालेला असतो. ३० मि.लि. मात्रेत तो फार तर अडीच ग्रॅम, म्हणजे एका पेगच्या आठव्या हिश्शाइतका होतो. सांगितलेल्या मात्रेत घेतल्यास तेवढ्याने कोणी मर्यादा ओलांडीत नाही. मात्र डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णाने तेही टाळावे.

अर्धा सेकंद

वाहन चालविताना डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ठरविणे आणि पायाने ब्रेक दाबणे ही तीन कामे सलग व्हावी लागतात. मद्य व शामक औषध या तिन्हींना उशीर लावतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात २२ मीटर अंतर तोडते. प्रतिसादास अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर ब्रेक लागण्यापूर्वी ते ११ मीटर अधिक पुढे गेलेले असते. चाकण रस्त्यावर नित्य दिसणाऱ्या ४० फुटी कंटेनरची लांबी १२ मीटर असते. अर्ध्या सेकंदाची किंमत अशी जवळजवळ एका कंटेनरएवढी आहे.

यातील सर्वांत घातक भाग असा की, ज्या मेंदूने "मी आता गाडी चालवू नये" असा निर्णय घ्यावयाचा, तोच मेंदू मंदावलेला असतो. म्हणून हा निर्णय पहिल्या घोटापूर्वी, किंबहुना घरातून निघण्यापूर्वीच व्हावयास हवा.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ मध्ये दोन स्वतंत्र बाबी आहेत. पहिली म्हणजे रक्तात दर १०० मि.लि.मागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्य असणे. दुसरी म्हणजे औषधी वा मादक द्रव्याच्या अंमलाखाली, वाहनावर योग्य ताबा ठेवता येणार नाही अशा अवस्थेत वाहन चालविणे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

पहिल्या बाबीसाठी नाक्यावर फुंकण्याचे यंत्र आहे. दुसऱ्या बाबीसाठी तसे यंत्र नाही. आमच्या नोंदीतील दुचाकीस्वार यंत्राच्या दृष्टीने निर्दोष होता. यंत्राने सोडले म्हणजे रस्त्याने सोडले असे होत नाही. इंग्लंड व वेल्समध्ये २ मार्च २०१५ पासून डायझेपाम, क्लोनाझेपाम यांसारख्या औषधांसाठीही रक्तातील मर्यादा ठरविण्यात आल्या. डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे औषध घेणाऱ्यास, त्याची क्षमता बिघडलेली नसल्यास, संरक्षणही ठेवले आहे. फ्रान्समध्ये औषधाच्या खोक्यावर पिवळा, नारिंगी व लाल अशा तीन पायऱ्यांचे वाहनाचे चिन्ह छापलेले असते, ते निरक्षरालाही कळते.

विम्याचाही विचार करावा. वाहनविम्याच्या करारात मद्य अथवा मादक औषधांच्या अंमलाखाली झालेले वाहनाचे नुकसान वगळलेले असते. २०२१ मध्ये इफ्को टोकियो विरुद्ध पर्ल बेव्हरेजेस या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा अपवाद मान्य केला. त्यासाठी रक्तातील प्रमाण ३० मिलिग्रॅमवर असल्याचा चाचणी अहवाल असलाच पाहिजे असे नाही, इतर परिस्थितीवरूनही ते सिद्ध होऊ शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

ज्ञात घटनांतून

औषध व मद्य यांच्या एकत्र सेवनाची जगभर चर्चा झालेली घटना ३१ ऑगस्ट १९९७ ची आहे. पॅरिस येथे युवराज्ञी डायना यांच्या मोटारीला झालेल्या अपघातानंतर चालक आन्री पॉल याच्या रक्तात दर १०० मि.लि.मागे सुमारे १७५ मिलिग्रॅम मद्य आढळले. फ्रान्सची मर्यादा ५० होती. त्याबरोबरच फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरील आणि टियाप्राइड हे व्यसनाच्या उपचारातही वापरले जाणारे औषध सापडले. दोन्ही औषधे डॉक्टरांनी लिहून द्यावयाची होती. २००८ मध्ये लंडन येथील चौकशीत ज्यूरीने पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या व त्याच्या स्वतःच्या घोर निष्काळजी वाहनचालनावर ठपका ठेवला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईत वांद्रे येथील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर मोटारीखाली मृत्युमुखी पडले. चालकाच्या रक्तात ११२ मिलिग्रॅम मद्य आढळले होते. जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगर येथे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते दगावले. त्यानंतर रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. या घटनेने प्रत्येक रुग्णालयाच्या प्रशासनाला आरसा दाखविला. मद्यतपासणीचे रक्त घेताना त्वचा मद्यार्कविरहित द्रवाने पुसणे, नमुना परिरक्षक घातलेल्या बाटलीत घेणे, ती मोहोरबंद करणे व वेळेसह नोंद ठेवणे, या गोष्टी नियमावलीत पूर्वीपासूनच आहेत. नियम पाळणाऱ्या हातावरच त्यांचे मोल अवलंबून असते.

आम्ही काय बदलले

त्या पत्नीच्या प्रश्नानंतर विश्वस्त मंडळापुढे आम्ही तीन प्रस्ताव ठेवले व ते मान्य झाले. बाह्यरुग्ण विभागाच्या केसपेपरवर "आपण वाहन किंवा यंत्र चालविता काय?" हा प्रश्न छापला गेला. उत्तर 'होय' असल्यास डॉक्टरांना कमी गुंगीचे औषध निवडता येते, वेळ बदलता येते किंवा काही दिवस वाहन न चालविण्याचा सल्ला देता येतो. दुसरे असे की, गुंगी आणणाऱ्या औषधाच्या पाकिटावर "हे औषध चालू असताना मद्य घेऊ नये, वाहन चालवू नये" असा लाल शिक्का मारला जातो, आणि खिडकीवरील कर्मचारी तो वाचून दाखवितो. तिसरे म्हणजे, घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर हीच सूचना मराठी व हिंदीत असते, कारण या पट्ट्यातील अनेक चालक परप्रांतातून आलेले आहेत. खर्च पाहू जाता तो एका शिक्क्याचा व थोड्या शाईचा आहे. तो आधीच केला असता तर, हा विचार मनातून जात नाही.

वाचकांस विनंती

औषध लिहून घेताना आपला व्यवसाय, चालू असलेली इतर औषधे व मद्याची सवय डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. ती माहिती उपचारासाठीच असते, न्यायनिवाड्यासाठी नसते. दुकानातून सर्दी-खोकल्याची गोळी घेतानाही "याने झोप येते काय?" एवढे विचारावे. नवे औषध सुरू झाल्यावर किंवा मात्रा वाढल्यावर पहिले काही दिवस वाहन चालवू नये.

आणखी एक सूचना फार महत्त्वाची आहे. "आज कार्यक्रम आहे, घ्यायची आहे, तेव्हा आजची गोळी नको," असे म्हणून औषध चुकविणारे रुग्ण आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. अपस्माराची गोळी चुकविल्यास वाहनावरच झटका येऊ शकतो. दीर्घकाळ चालू असलेले क्लोनाझेपाम एकाएकी बंद केल्यासही तसेच होऊ शकते. गोळी व पेग यांत निवड करावयाची झाली, तर पेग सोडावा. आणि मद्य घेतलेलेच असेल, तर त्या रात्री व दुसऱ्या सकाळीही वाहनाची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी. भाऊ, शेजारी, रिक्षा, कंपनीची बस, काहीही चालेल.

तो तरुण कामगार वर्षभरानंतर तपासणीसाठी आला तेव्हा काठी टेकीत का होईना, पण स्वतःच्या पायांनी आला. औषधाच्या खिडकीवर त्याने पाकीट घेतले, त्यावरचा लाल शिक्का मोठ्याने वाचला आणि मग खिशात ठेवले. आमच्या प्रत्येक रुग्णाने आणि या अहवालाच्या प्रत्येक वाचकाने तेवढेच करावे, अशी नम्र विनंती करून हा लेख पूर्ण करतो.